व्हेज बर्गरमध्ये नक्की कोणती भाजी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुंबईतल्या उत्तम बर्गरवर पानभर लेख आला. कुलाब्यापासून अंधेरीपर्यंतची ठिकाणं, कुठे चिकन किती वेळ मुरवतात, कुठे मटणाचा खिमा रोज ताजा कुटतात, सगळं अगदी चवीने लिहिलंय. शेवटी कंसात एक ओळ: शाकाहारींसाठीही पर्याय उपलब्ध. लेखकाला दोष देत नाही. बहुतेक रेस्टॉरंटांच्या स्वयंपाकघरातही आमची दखल एवढीच घेतात, ती तशीच छापून आली. पण या कंसातल्या लोकांतली मी एक असल्यामुळे चार गोष्टी लिहाव्याशा वाटतात. पत्र लांबलं तर कात्री लावायला आपण आहातच.

आधी एक खुलासा करते, नाहीतर पत्राचा रोख भलतीकडेच जायचा. माझं माहेर पुण्याचं आणि पूर्ण शाकाहारी, सासर मालवणचं. लग्नानंतर मी सुरमई तळायला शिकले, ती खायला मात्र शिकले नाही. आमच्या घरात बांगडा आणि वरणभात एकाच ओट्यावर होतात आणि आजवर त्यावरून कुणाचं वाजलेलं नाही. तेव्हा सोवळं, 'शुद्ध'च्या पाट्या, शेजारच्या टेबलावर कोण काय खातंय यातलं माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार चवीची आहे. मी शाळेत गृहविज्ञान शिकवत असे. कटलेट तेलात का फुटतं हे आठवीच्या मुलींना समजावून सांगण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर नात बाहेर जेवायला नेते. तिला बर्गर प्रिय, आजोबांना त्यातलं चिकन प्रिय, आणि माझ्यापुढे येते ती व्हेज पॅटी.

ही पॅटी मुंबईकरांनी ओळखावी. अगदी गोल, सगळीकडे सारख्याच जाडीची, बाहेरून नारिंगी चुरा. आत बटाट्याचा लगदा, त्यात मटारचे तीन-चार दाणे, गाजराचे चौकोनी तुकडे, नशीब असेल तर मका. थंडगार पाकिटातून थेट कढईत सोडलेली असते, म्हणून वरचं कवच टणक आणि आतला लगदा मऊ. चावा घेतला की कवच दाताखाली दबतं आणि लगदा मागच्या बाजूने बाहेर येतो. वर अंड्याशिवायचं मेयोनीज, गोडसर सॉस, लेट्यूसचं पान. खाऊन झाल्यावर तिखट लागलं, गोड लागलं, पोट भरलं एवढं सांगता येतं. भाजी कोणती खाल्ली ते सांगता येत नाही.

मेन्यूकार्ड बघून कळेल म्हणाल, तर तेही नाही. 1 जुलै 2022 पासून दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांना प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी छापाव्या लागतात. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचाच नियम आहे आणि चांगला आहे. त्यामुळे माझ्या बर्गरमध्ये उष्मांक किती ते मला एककापर्यंत कळतं. आत दुधी आहे की कोबी, ते मात्र कळत नाही. मग मी वेटरला विचारते. संवाद नेहमीचाच:

"पॅटीत काय आहे?"
"व्हेज है, मॅडम."
"ते कळलं. पण व्हेज म्हणजे काय काय?"
"मिक्स व्हेज."
"त्या मिक्समध्ये काय?"
"एक मिनिट, पूछ के आता हूँ."

आतून परत येतो तेव्हा उत्तर असतं, "आलू, मटार वगैरा." त्या 'वगैरा'मध्येच सगळा स्वयंपाक अडकलेला असतो. नात टेबलाखालून पाय मारते. मी काही वाद घालत नसते. घासात काय आहे हे त्याच्या पैशांइतकंच विचारण्याजोगं आहे असं मला वाटतं.

हे असं का झालं याला थोडा इतिहास आहे. 1996 साली मॅकडॉनल्ड्स भारतात आलं. मुंबईतलं त्यांचं पहिलं दुकान वांद्र्याला, लिंकिंग रोडवर. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही, शाकाहारी पदार्थांना स्वयंपाकघरात वेगळी जागा, वेगळी भांडी, वेगळी माणसं, आणि मेयोनीज अंड्याविना, एवढी तयारी करून ते आले. शाकाहारी गिऱ्हाईक इतकं मनावर घेणारं परदेशी दुकान तेव्हा माझ्या पाहण्यात दुसरं नव्हतं. त्यांचा आलू टिक्कीवाला बर्गर स्वस्त होता. माझ्या विद्यार्थिनी वाढदिवसाच्या पैशांत मैत्रिणींना तिथे नेऊ शकत. तो मी खाल्लाय आणि त्याच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. टिक्की म्हणाले, टिक्की दिली, दामही टिक्कीचाच घेतला.

पुढे जो जो बर्गर विकायला बसला, त्याने तीच टिक्की उचलली आणि किंमत वाढवत नेली. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात आता जी चकाचक ठिकाणं झाली आहेत, तिथे लाकडी पाटावर, छोट्या बादलीतल्या फ्राइजसोबत, बावटा खोचून जो व्हेज बर्गर येतो, त्याच्या पोटात पुष्कळदा तोच बटाटा निघतो. दर चिकनच्या बर्गरइतका, नाहीतर वीस-तीस रुपयांनी कमी. बटाट्याचा आणि कोंबडीचा भाव बाजारात काय असतो ते मंडईत जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

परदेशात व्हेजी बर्गरचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. लंडनच्या ग्रेगरी सॅम्सने 1982 साली 'व्हेजबर्गर' नावाने कोरडं मिश्रण बाजारात आणलं. तिथल्या लोकांच्या डोळ्यांपुढे मांसाची पॅटी होती, तिच्या जागी काय ठेवायचं हा प्रश्न होता. म्हणून त्यांनी डाळी, धान्यं, तीळ, सोया असं चावून खाण्याजोगं काहीतरी शोधलं. आपल्याकडे तसा प्रश्नच पडला नाही. आपल्याकडे टिक्की होती, कटलेट होतं, ते पावात ठेवलं आणि काम झालं. सोय झाली खरी, पण पावातली पॅटी कशी हवी याचा विचार राहून गेला.

इथे कुणीतरी म्हणणारच, मुंबईला बर्गर हवाच कशाला, आपला वडापाव आहे की. 1966च्या सुमाराला दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं सांगतात. मला वडापाव अतिशय प्रिय आहे. पण त्याची रचना निराळी. वड्याचा सगळा मसाला आत, वर डाळीच्या पिठाचं पातळ कव्हर, सोबत लसणाची कोरडी चटणी आणि मऊ लादीपाव. त्यात ओलं काही नाही म्हणून पाव भिजत नाही, आणि चार घासांत संपतो म्हणून मऊपणाचा कंटाळा येत नाही. बर्गरमध्ये टोमॅटो, कांदा, सॉस, चीज, सगळं ओलं आणि निसरडं. तिथे मधल्या पॅटीलाच कणा लागतो. तिने सॉसचं पाणी सोसलं पाहिजे, चावताना तुटली पाहिजे पण पसरता कामा नये, आणि या सगळ्या गर्दीत तिची स्वतःची चव कळली पाहिजे. हे काम निव्वळ बटाट्याला जमत नाही. उकडलेला बटाटा गरम असताना दाबून दाबून कुस्करला की त्यातला स्टार्च सुटतो आणि खळ तयार होते. निदान बटाटे आधी उकडून, पूर्ण गार करून, किसून घेतले तरी फरक पडतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी करून दाखवायचे. मुलींना एका घासात कळायचं.

बटाट्याखेरीज काय, तर आपल्या भाजीबाजारात उभं राहिलं तरी यादी होते. राजमा शिजवून, निथळून, ताटात पसरून कोरडा करावा. अर्धा वाटावा, अर्धा नुसता ठेचावा. ते अर्धे दाणे दाताला लागतात म्हणून तो घास चावावासा वाटतो. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आधी कोरड्या तव्यावर आटवून घेतलं नाही तर पॅटी बसलीच म्हणून समजा. आटल्यावर त्याला जो खमंगपणा येतो तो दुसऱ्या भाजीत नाही. बीट किसून पिळून घ्यावं. सुरण तर देवाने याच कामासाठी केलाय असं मला वाटतं: कोरडा, भरीव, तव्यावर छान लाल होणारा. कोवळ्या फणसाच्या भाजीचे रेशे हाताने सोडवून पाहिलेत का? आमच्या सासरी ती भाजी पाहून पाहुणे मटण समजून गप्प बसत. आणि मिळून यायला मैदा, कॉर्नफ्लोअर, ब्रेडचा चुरा यांपेक्षा थालीपिठाची भाजणी घालून बघा. भाजलेली असते, त्यामुळे कच्चट वास नाही, पाणी धरून ठेवते, वर धण्या-जिऱ्याची चव फुकट. माझ्या माहितीत एकाही रेस्टॉरंटने हे अजून केलेलं नाही. कुणी केलं तर मला कळवायची गरज नाही, खुशाल स्वतःच्या नावावर खपवा.

पनीरचा बर्गर हा मात्र मला पळपुटेपणा वाटतो. साबणाच्या वडीसारखा पनीरचा तुकडा कापायचा, लाल मसाल्यात बुडवायचा, तळायचा. मसाला बाहेरच्या बाहेर राहतो, आत दुधाची अळणी चव. शिवाय वर पुन्हा चीज. तीच गत अख्ख्या पोर्टोबेलो मशरूमच्या टोपीची. दिसायला रुबाबदार, पण पहिल्या चाव्याला अख्खी टोपी दातात येते आणि हातात रिकामा पाव उरतो.

पावाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. चांगली पॅटी वाया घालवणारे पाव मी पुष्कळ पाहिलेत. कोळशाची पूड घालून काळे केलेले, बिटाने गुलाबी केलेले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे न भाजलेले. कापलेली बाजू लोण्यावर लालसर भाजली की सॉस आत शिरत नाही. एवढं साधं काम, अर्ध्या मिनिटाचं. ज्या शहरात इराणी बेकऱ्यांनी ब्रून आणि मस्का लोकांना शिकवला, तिथे पाव गार येतो तेव्हा राग येतो.

हल्ली ब्रिओश या लोणीदार फ्रेंच पावाचं फॅड आहे. ब्रिओश पारंपरिक रीतीने करतात तेव्हा त्यात अंडी असतात. आपल्या कायद्यात अंडं असलेल्या पदार्थाला हिरवा ठिपका मिळत नाही. मग व्हेज विभागात छापलेला हा बर्गर ब्रिओशमध्ये येतो तो कसा? काही ठिकाणी अंड्याशिवायचा ब्रिओश खरोखर करतात, तसं विचारल्यावर नीट सांगतात. काही ठिकाणी वेटर "प्युअर व्हेज, मॅडम" म्हणतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की हा प्रश्न त्याने आयुष्यात प्रथमच ऐकलाय. वुस्टरशर सॉसमध्ये मूळ कृतीनुसार अँकोव्ही नावाची मासळी असते. खऱ्या पार्मेजान चीजला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दुधाचं विरजण घट्ट करणारा पदार्थ, लागतं. मला स्वतःला यातल्या कशाने काही होत नाही, माशाच्या कढईशेजारीच मी जेवते. पण माझी एक मैत्रीण अंडं अजिबात खात नाही, आणि तिला जे सांगतात ते खरं असलं पाहिजे. नाहीतर सरळ 'माहीत नाही' म्हणावं, म्हणजे ती डोसा मागवेल.

डोशावरून आठवलं. शुद्ध शाकाहारी हॉटेलात तरी बर्गर बरा मिळेल अशी भाबडी आशा कुणी बाळगू नये. तिथे तो शेजवान डोसा आणि मेक्सिकन चाट यांच्यामध्ये कुठेतरी दबलेला असतो. सकाळच्या कटलेटची रात्री पॅटी होते. कोबी बारीक चिरून मेयोनीजमध्ये कालवतात आणि वर टोमॅटो केचपने रेघोट्या मारतात. ज्या गल्ल्यावर इडली उत्तम मिळते तिथे इडलीच खावी.

वनस्पतींपासून केलेल्या 'मांसा'बद्दलही सांगते, कारण नातीच्या आग्रहाने तेही चाखून झालंय. रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी 2021 साली इमॅजिन मीट्स सुरू केलं तेव्हा आमच्या घरी मोठी उत्सुकता होती, उदयपूरची गुडडॉट तर त्याआधीपासून आहे. ज्यांनी मांस सोडलंय आणि ज्यांना त्या चवीची आठवण येते त्यांच्यासाठी हा शोध उपयोगाचा आहे. आमच्या ह्यांनी असा बर्गर खाऊन मान डोलावली. मला मात्र तो घास गिळताना अवघड गेलं. जन्मात जी चव मागितली नाही तिची हुबेहूब नक्कल मला कशाला? बहुतेक मराठी, गुजराती, मारवाडी शाकाहारींचं असंच होत असावं. आम्हाला मांसाची भरपाई नकोय. राजम्याची पॅटी राजम्यासारखी लागली तर पुरे.

आता चांगलंही सांगते, नाहीतर म्हातारी नुसती कुरकुरते असं व्हायचं. रीगल सिनेमासमोरच्या वुडसाइड इन या पबमध्ये दरवर्षी बर्गरचा महोत्सव होतो. तिथे शाकाहारी बर्गरही सामिष बर्गरच्या बरोबरीने विचार करून केलेले असतात. बिअरशी मला कर्तव्य नाही, पण बर्गरसाठी कुलाब्यापर्यंतची टॅक्सी परवडते. वांद्र्यातल्या एका लहानशा जागेत, सहाच टेबलांची जागा आहे, बीट आणि राजम्याची पॅटी मिळाली होती. कडा तव्यावर किंचित करपलेल्या, वर चिंचेत मुरवलेला कांदा, सॉस बेताचा. वेटरला विचारलं तर त्याने श्वास न घेता सगळं सांगितलं, अक्रोडसुद्धा, आणि उलट विचारलं की अक्रोड चालतो ना. इतकं बरं वाटलं की आजोबांनी आपलं चिकन बाजूला ठेवून माझ्या ताटातला अर्धा बर्गर पळवला, त्याचंही काही वाटलं नाही.

आणि एक युक्ती, जी मला एका जैन शेजारणीकडून कळली. जिथे जैन पर्याय असेल तिथे तोच मागवावा. जैन मंडळींना बटाटा चालत नाही, त्यामुळे स्वयंपाकघराला नाइलाजाने डोकं चालवावं लागतं. बहुतेक ठिकाणी कच्चं केळं वापरतात, सोबत मटार, पनीर, कोथिंबीर. कच्चं केळं बटाट्यापेक्षा घट्ट बसतं, चिकट होत नाही, तव्यावर कड सुंदर धरतं. कांदा हवा असेल तर वेगळा मागून घ्यावा, वेटर गोंधळतो पण आणतो. एकाच दुकानातली साधी व्हेज पॅटी आणि जैन पॅटी शेजारी ठेवून खाऊन बघा, फरक तोंडातच कळेल. म्हणजे बटाटा काढून घेतल्यावर ज्या आचाऱ्याला चांगली पॅटी जमते, त्याला ती एरवीही जमली असती. मागणारं कुणी नव्हतं, एवढंच.

आम्ही मागत नाही हेही खरंच. शाकाहारी माणूस मित्रांबरोबर बर्गरच्या दुकानात जातो तेव्हा आधीच संकोचलेला असतो. मिळालं हेच खूप, असा त्याचा पवित्रा. बिलाचे पैसे समान वाटले जातात, तो बटाटा खाऊन चिकनचे पैसे देतो आणि 'छान होतं' म्हणतो. मालकाला वाटतं, चाललंय की.

तेव्हा रेस्टॉरंटवाल्यांना एवढीच विनंती की व्हेज पॅटी या दोन शब्दांखाली एक ओळ छापा: राजमा-बीट, सुरण-मटार, बटाटा-कोबी, जे असेल ते. पॅटी इथेच केलेली की पाकिटातली, तेही लिहा. बटाट्याची असेल तर तसं लिहून बटाट्याचा दर लावा, मी आनंदाने खाईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
माहीम, मुंबई

ता. क. कुणी आचारी हे वाचून सुरण घेणारच असेल तर हाताला तेल लावून चिरावा आणि उकडताना पाण्यात चिंच किंवा चार आमसुलं टाकावीत, नाहीतर गिऱ्हाइकाचा घसा खाजेल आणि नाव माझं निघेल.